गतिरोधक किती उंच असावा?

गतिरोधक जितका उंच तितका रस्ता सुरक्षित, असा समज रूढ आहे आणि नगरसेवकांकडे मागणीही तशीच होते. प्रत्यक्षात त्याचे काम वाहनाचा वेग उतरवणे एवढेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था) मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची १० सेंटिमीटर असावी. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो सहज ओलांडता येतो. औषधासारखीच इथेही मात्रा ठरलेली असते; ती वाढवली की अपाय होतो. अरुंद, उंच उंचवट्यावर दुचाकीचा तोल जातो, रुग्णवाहिकेतील रुग्णाला हादरे बसतात. बेशिस्त चालक सौम्य चढाला जुमानणार नाहीत, हा आक्षेप समजण्यासारखा आहे. पण वेग जास्त असेल तर हाच चढ धक्का देतो. तेव्हा पालिकेकडे योग्य मोजमाप, पांढरे पट्टे आणि आगाऊ सूचनाफलक यांचा आग्रह धरणे अधिक उपयोगाचे.