पोट शांत झाले, पण आतडे बरे झाले का?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडून होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर ठेवले. शुश्रूषा करायला सोपा रुग्ण कोणता, हेही तिथेच सांगितले आहे: जो औषध घेतो आणि आजार वाढतो आहे, उतरतो आहे की तसाच आहे, हे खरे सांगतो.

पोटाचा एक आजार असा आहे की त्यात हे खरे सांगणे रुग्णाला नेहमी जमत नाही, कारण आत काय चालले आहे ते त्यालाच कळत नाही. हा आजार म्हणजे आतड्याचा दीर्घकालीन दाह. डॉक्टर त्याला आयबीडी म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या थराला जखमा होतात. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो.

आठवडेच्या आठवडे जुलाब, शौचातून रक्त, पोटदुखी, वजन घटणे ही याची लक्षणे. आपल्याकडे लोक त्याला मूळव्याध समजतात आणि लाजेपोटी महिनोन्‌महिने लपवतात. आम्ही स्पष्ट सांगतो, यात लाजण्यासारखे काहीही नाही.

उपचार सुरू झाले की बऱ्याच जणांचे जुलाब काही आठवड्यांत थांबतात. खरा धोका इथेच असतो. कळमेश्वरहून नागपूरला मेडिकल किंवा मेयोत जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. मग बरे वाटते आहे ना, असे म्हणून फेरी टाळली जाते आणि गोळ्याही बंद होतात. आत मात्र सूज राहिलेली असू शकते. क्रोन्समध्ये अशा सुजेने आतडे हळूहळू अरुंद होते, कधी पू साचतो आणि वेळ ऑपरेशनवर येते. म्हणूनच 2021 मध्ये जाहीर झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत नुसती लक्षणे थांबणे पुरेसे मानलेले नाही. आतड्याच्या जखमा भरून येणे हे उपचाराचे दूरचे उद्दिष्ट ठरवले आहे.

जखमा भरल्या का, हे दुर्बिणीने, म्हणजे कोलोनोस्कोपीने दिसते. पण दुर्बीण फक्त आतला थर दाखवते आणि लहान आतड्याच्या बहुतेक भागात ती पोचत नाही. तिथे पुढच्या तपासण्या कामी येतात.

सोनोग्राफी: आतड्याची भिंत साधारण 3 मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर सूज असण्याची शक्यता असते. भिंतीतला रक्तप्रवाहही दिसतो. किरणोत्सर्ग नसल्याने ती पुन्हा पुन्हा करता येते. मात्र आतड्याची सोनोग्राफी करण्याचा सराव असलेला डॉक्टर हवा.

एमआरआय: उपाशीपोटी जावे लागते आणि आतडी फुगावीत म्हणून आधी बरेच द्रव प्यावे लागते. लहान आतडे आणि गुदद्वाराजवळचा भगंदर यांत नीट दिसतो. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असेल तर आधी सांगावे.

सीटी स्कॅन: आतडे अडले किंवा पू झाल्याची शंका आली तर तातडीने उपयोगी. यात किरणोत्सर्ग असतो, म्हणून तरुण रुग्णांत वारंवार करणे टाळतात.

आपल्या देशात आणखी एक अडचण आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला सारखेच असतात. शिवाय बायोलॉजिक इंजेक्शनांपैकी काहींनी शरीरात दबलेला क्षय उसळू शकतो. त्यामुळे ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी करतात. ती पैसे काढायला सांगितली आहे, असे समजू नये.

आमचे सांगणे थोडक्यात असे. जुने रिपोर्ट आणि फिल्म एका पिशवीत जपून ठेवा, कारण पहिल्या चित्राशी ताडून पाहिल्याशिवाय दुसऱ्याचा अर्थ नीट लागत नाही. पुढची तपासणी कधी आणि कशासाठी, हे डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. ती सरकारी योजनेत बसते का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारा. स्टेरॉइडची गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका.

आणि विहारात शेजारी बसणारा कुणी या आजाराने खचला असेल, तर तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत नागपूरला जा. महावग्गातल्या त्या प्रसंगाची आठवण ठेवणे म्हणजे एवढेच.

जय भीम! नमो बुद्धाय!