आरोग्यविम्याचा हप्ता नेमका कशाने वाढतो?

अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) नागापूर एमआयडीसीत महिना २०,००० रुपये कमावणारा कामगार घ्या. कारखाना ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असेल तर त्याच्या पगारातून महिन्याला फक्त १५० रुपये कापले जातात. मालक ६५० भरतो. एवढ्यात बायकामुलांसकट सगळ्यांच्या उपचाराची सोय होते. पण पगार २१,००० च्या वर गेला, की चालू सहामाही संपल्यावर वर्गणी थांबते आणि पुढे काही महिन्यांत ते छत्र निघून जातं. ही मर्यादा २०१७ पासून जागची हललेली नाही. पगारवाढीचे पेढे वाटणाऱ्या घराला मग बाजारातली पॉलिसी शोधावी लागते, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं.

बाजारातल्या पॉलिसीचा हप्ता पगार बघत नाही, वय बघतो. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या घराच्या एकाच पॉलिसीत, बहुधा घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाचं वय धरतात. त्याने वयाचा पुढचा टप्पा ओलांडला की वर्षभरात कुणी शिंकलं नसलं तरी रक्कम चढते. त्यात दवाखान्याचा खर्च दरवर्षी वाढतो, कारण वैद्यकशास्त्राला आता कितीतरी जास्त जमतं. ज्या हृदयविकारापुढे पूर्वी हात टेकायचे, त्यावर आज स्टेंट आहे. झिजलेला गुडघा बदलता येतो. वाचलेल्या प्रत्येक माणसाचं बिल असतं, आणि ते सगळ्यांच्या हप्त्यात वाटलं जातं.

खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. हप्ता वाढला की आधी धडधाकट माणूस पॉलिसी सोडतो. मागे आजारी जास्त उरतात, क्लेम वाढतात, हप्ता पुन्हा चढतो, आणखी काही निरोगी लोक निघून जातात. कुणीही लबाडी न करता महागाई स्वतःलाच पोसत राहते! २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तो दिलासा खराच. पण हे चक्र करामुळे फिरत नव्हतं.

आणखी एक. बहुतेक पॉलिसी माणूस ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, म्हणजे आजार सर्वांत महाग झाल्यावर. याच जिल्ह्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नेमकं उलट टोक धरलं. वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात त्यांनी पाहिलं, की बरे करून पाठवलेले रुग्ण तेच टाळता येण्याजोगे आजार घेऊन परत येतात. १९७० मध्ये ते जामखेडला आले. गावोगावच्या बायकांना, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, त्यांनी बाळंतपण, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, पोषण हे सारं शिकवलं. १९७१ मध्ये तिथे हजार जन्मांमागे १७६ अर्भकं दगावत. नव्वदच्या दशकापर्यंत तो आकडा तिशीच्या आत आला.

मग विमा कंपन्या हेच का करत नाहीत? पॉलिसी वर्षाची असते म्हणून. आज चाळिशीतल्या कुणाचा रक्तदाब आटोक्यात ठेवायला पैसे घातले, तर डायलिसिस टळल्याचा फायदा वीस वर्षांनी दिसणार, आणि तोवर तो ग्राहक पोर्ट करून दुसऱ्या कंपनीत गेलेला असणार. आरोळ्यांनी मात्र जामखेड सोडलं नाही. वाचलेली लेकरं तिथेच मोठी होताना त्यांना दिसत होती.