मीराचं रबर

जुनी गाडी तुर्भ्याच्या गॅरेजात नेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: डेंटिंग-पेंटिंग पूर्ण करायचं ना? मग रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, पोचे ठोकून काढायचे, पुट्टी भरून घासायची आणि वर चकचकीत रंग मारायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीला हे खपतं. एक बिघडली तरी तिच्यासारख्या दुसऱ्या आहेत, शोधले तर सुटे भागही मिळतात. पण जी गाडी कारखान्यापर्यंत पोचलीच नाही, नमुना म्हणूनच राहिली, तिला असं नवंकोरं करणं म्हणजे तिचा पुरावाच पुसणं, असं माझं मत आहे.

आपल्याकडचं उदाहरण इचलकरंजीच्या 'मीरा'चं. जेमतेम सातवीपर्यंत शिकलेले शंकरराव कुलकर्णी १९४५ मध्ये लहान, स्वस्त देशी मोटारीच्या मागे लागले आणि १९४९ मध्ये त्यांनी दोन माणसांची पहिली गाडी रस्त्यावर आणली. पुढची पंचवीस वर्षं ते ही कल्पना मोडत-जोडत राहिले. इंजिन मागच्या बाजूला, आणि सस्पेन्शनला पोलादी पाट्यांऐवजी रबर. अँबेसिडरसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसत होती, त्या काळात मीरा १२,००० रुपयांत विकायचा त्यांचा बेत होता. पण १९५१ च्या उद्योग कायद्याने मोटार बनवायला सरकारी परवाना लागायचा, नुसती अक्कल पुरायची नाही. मीरा बाजारात आलीच नाही. सामान्यांच्या छोट्या गाडीची जागा घेतली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडलेल्या मारुती ८०० ने. कारखान्याच्या गाडीला पुस्तक असतं, प्रत्येक भागाला क्रमांक असतो. नमुन्याची बरीचशी हकिकत मात्र त्याच्या पत्र्यातच असते. कुठे ठोका चुकला, कुठला सांधा दुसऱ्यांदा वेल्ड केला, कुठे भोक पाडून पुन्हा बुजवलं, हे वाचायचं तर पुट्टीखाली जाऊन चालणार नाही.

यावर हौशी लोकांचं म्हणणं असतं की चालत नाही ती गाडी कसली, आणि पोचे पाहायला कोण येणार? आक्षेप खोटा नाही. पण त्याला उत्तर पोर्शेने दिलं आहे. त्यांची ३५६ मालिकेतली 'क्रमांक एक' ८ जून १९४८ रोजी ऑस्ट्रियात रस्त्यावर आली, नंतर विकली गेली आणि मालकांनी ती इतकी बदलली की मूळ रूप परत आणणं शक्य उरलं नाही. कंपनीने २०१८ मध्ये तिला हात न लावता, हाताने ठोकलेल्या ॲल्युमिनियमची वेगळी प्रतिकृती केली. तिच्यात इंजिनसुद्धा नाही. पाहणाऱ्याला १९४८ चं रूप मिळालं आणि मूळ गाडीचं पुढचं आयुष्यही शाबूत राहिलं. खर्च मोठा, हे कबूल. पण इंजिनवाचून नुसतं अंग घडवणं एखाद्या जिल्हा संग्रहालयालाही अगदीच अशक्य नाही.

आपला कायदाही इथे अडखळतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, चेसिस, बॉडी आणि इंजिन न बदललेली गाडी 'विंटेज' ठरते. वाशीच्या आरटीओत पद्मिनीचं मूळ रूप ठरवणं सोपं आहे. पण बनवणाराच बदल करत राहिला, त्या नमुन्याचं मूळ रूप कुठल्या वर्षाचं धरायचं? मी म्हणेन, त्याचा हात शेवटचा फिरला तेव्हाचं.

याचा अर्थ गंजू द्यावं असा नाही. गंज थांबवावा, टाकी कोरडी करावी, उंदरांचा बंदोबस्त करावा. खरा पेच रबराचा आहे. पत्रा शंभर वर्षं टिकेल, रबर टिकत नाही. ते कडक होतं, त्याला भेगा पडतात, आणि त्यावर गाडी हाकली तर तुकडे होतील. नवं बसवलं तर गाडी हलेल, पण शंकररावांची मुख्य कल्पनाच भंगारात जाईल. म्हणून आधी जुन्या तुकड्याची मापं आणि फोटो घ्यावेत, नवा त्याच मापाने ओतून त्यावर तारीख कोरावी, आणि भेगाळलेला जुना तुकडा चिठ्ठी बांधून गाडीशेजारीच काचेत ठेवावा.