डिह्युमिडिफायरचे पाणी कुठे अडते?

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. चपला-बॅगांवर बुरशी चढते, भिंतींना पोपडे येतात आणि दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांचा त्रास वाढतो. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर राहिली की गादी-उशांतले धूळकिडे वाढतात. ६० टक्क्यांनंतर बुरशीला वाव मिळतो. म्हणून आता काही घरांत डिह्युमिडिफायर दिसू लागला आहे. मात्र यंत्र वारंवार बंद पडत असेल किंवा खाली पाणी सांडत असेल, तर आधी पाण्याची वाट तपासावी.

घरगुती यंत्रात पंखा दमट हवा आत ओढतो. थंड नळ्यांवर बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या तबकात ठिबकते आणि तिथून टाकीत किंवा नळीवाटे मोरीत जाते. बहुतेक यंत्रांत पंप नसतो. पाणी उतारानेच वाहते आणि बऱ्याच तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

तपासणीपूर्वी प्लग काढावा. नळी तोंडापासून मोरीपर्यंत सतत उतरती हवी. दर मीटरला साधारण दोन सेंटीमीटर उतार पुरतो. मध्येच ती उंबऱ्यावरून वर चढली, दुमडली किंवा तिचे टोक पाण्यात बुडाले, की पाणी तुंबते. यंत्र स्टुलावर ठेवल्यानेही अनेकदा काम भागते.

उतार ठीक असेल, तर नळी काढून त्यात पाणी ओतून पाहावे. पाणी हळू उतरले, तर आत धूळ आणि जंतूंचा बुळबुळीत थर साचलेला असतो. कोमट पाण्यात थोडे व्हिनेगर घालून नळी धुवावी. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

टाकी रिकामी असूनही ‘टाकी भरली’ असा दिवा लागतो, तेव्हा टाकी नीट बसलेली नसते किंवा आतला तरंगता फ्लोट अडकलेला असतो. फिल्टर धुळीने भरला, तर हवा कमी जाते आणि थंड नळ्यांवर बर्फ धरू शकतो. तो वितळताना पाणी बाहेर सांडते. म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला फिल्टर धुवून, वाळवून बसवावा.

टाकी फारच लवकर भरते? दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतल्या ३० अंशांच्या हवेची आर्द्रता ८० वरून ५० टक्क्यांवर आणायला जेमतेम पाव लिटर पाणी काढावे लागते. बाकीचे पाणी उघड्या खिडकीतून, वाळत घातलेल्या कपड्यांतून किंवा ओल्या भिंतीतून येत असते. दारे-खिडक्या लावल्याशिवाय यंत्राचे श्रम वाया जातात.

टाकीतले पाणी पिऊ नये. फरशी पुसायला चालेल. यंत्र बंद ठेवायचे असेल, तर टाकी आणि तबक कोरडे करावे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाणी वायरींजवळ गळत असेल किंवा बर्फ पुन्हापुन्हा धरत असेल, तर यंत्र न उघडता तंत्रज्ञाला बोलवावे.