कुलपं आणि केडगाव

पंडिता रमाबाईंना जाऊन 2022च्या 5 एप्रिलला शंभर वर्षं झाली. भीमा ओलांडली की त्यांचं केडगाव. पण आमच्या मांडवगण फराट्यात कुणाला पत्ता नव्हता. त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं यंदा, ऊसतोडीच्या कोप्यांवरची एक बाई रिकामी कळशी घेऊन आळीभर फिरली तेव्हा. फाटकाआडून कुत्री भुंकली, माणसं बोललीच नाहीत.

हे दार लावून घेणं 1972पासूनचं. त्या साली दुष्काळ पडला, गाव खडी फोडायला गेलं. मिलो ज्वारीच्या भाकरी, मुलांना सुकडी. कामावर पाण्याचा हंडा सगळ्यांत फिरे. सगळ्यांत म्हणजे दलित वस्ती सोडून, हेही सांगायला हवं. पुढं पाऊस आला, पण आजीनं धान्याच्या खोलीला घातलेलं कुलूप निघालं नाही. सत्तरचं ते दशक आम्ही त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळण्यात घालवलं. मागायला कुणी आलं की आधी संशय.

रमाबाईंनी दुष्काळ आमच्यापेक्षा जवळून पाहिला होता. 1874च्या सुमारास आई, वडील, बहीण गेली. मरणाऱ्या आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना. पुढं भाऊ गेला, नवरा गेला. 1883त इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तरी हात आखडलेलाच: पुरोहितांच्या जोखडातून सुटले ती पाद्र्यांच्या जोखडात जाणार नाही, असा बाणा. मला तो आवडतो. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून नाही. स्वतःला सांभाळायचं काम त्यांनी तेव्हा त्याच्यावर सोपवलं, असं मी समजतो. कारण त्यांच्या शारदासदन या शाळेत मुली बाटवतात म्हणून 1893त पुण्यानं झोडपलं, सल्लागारांनी अंग काढलं, पालकांनी मुली नेल्या. तरी बाईंनी दार लावून घेतलं नाही.

1897त त्या मध्य प्रांतातल्या दुष्काळात गेल्या. जिथं नजर टाकावी तिथं स्वतःचंच बालपण. सुमारे 300 मुली-बायका घेऊन आल्या; त्यातून केडगावचा आश्रम उभा राहिला. भुकेल्याला भाकरीसोबत धर्म वाढावा का, हा वाद रास्त आहे. पण पुण्याच्या वर्तमानपत्रांनी बाटलेल्यांचीच मोजदाद केली, जगलेल्यांची नाही, हा माझा जुना राग आहे.

अमेरिकेतल्या एका मंडळानं त्यांना दहा वर्षं मदतीचं वचन दिलं होतं. त्याची मुदत 1898त संपली. ठरलेली आवक नाही, हाती फक्त प्रार्थना. शहाण्या माणसानं अशा वेळी भरती थांबवली असती. बाईंनी 1900च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आणल्या. आणि ज्यांना कुणीच उंबऱ्यात घेत नव्हतं, त्या ‘वाट चुकलेल्या’ म्हणवल्या जाणाऱ्या बायकांसाठी शेजारीच कृपासदन उघडलं.