वाट आणि वर्दळ – भाग ६ : उरणच्या बाजारात आधी माणसे मोजा

गेल्या आठवड्यात आपण जासई, दास्तान फाटा आणि करळ फाट्यावर होतो. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झाले आणि तालुक्याचे रस्ते ट्रेलरच्या चाकांखाली गेले, तो हिशेब तिथे मांडला. आज शहरात यायचे आहे. बंदराचा ट्रेलर उरणच्या बाजारपेठेत येत नाही. तरीही संध्याकाळी राजपाल नाका आणि गांधी चौकात रिक्षा, मोटारसायकली, एखादी इको, मालाचा टेम्पो आणि या सगळ्यांच्या मधून पिशव्या सावरत चालणाऱ्या बाया, असा गुंता होतोच. इथली कोंडी बंदराच्या माथी मारता येणार नाही. ती आपल्याच छोट्या गाड्यांची आहे, म्हणून ती सोडवणेही आपल्याच हातात आहे.

आधी रुंदीचे गणित पाहू. समजा, बाजारातला रस्ता ९ मीटरचा आहे. एका बाजूला मोटारी लागल्या की २ मीटर गेले. समोरच्या बाजूला दुचाकी आडव्या लागल्या की आणखी २ मीटर. दुकानाच्या पायऱ्या, बाहेर मांडलेला माल आणि गटाराची उचललेली झाकणे मिळून एखादा मीटर जातो. उरले ४ मीटर. त्यात समोरासमोरून दोन गाड्या सुटायच्या आणि पायी माणसानेही त्यातूनच वाट काढायची. मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय ५ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. तिचा मालक कापडदुकानात तासभर बसला, तर तेवढा सार्वजनिक रस्ता तासभर त्याच्या एकट्याच्या नावावर राहतो. ‘रस्ता अरुंद आहे’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. त्यातला बराचसा अरुंदपणा आपण उभ्या गाड्यांनी तयार केलेला असतो.

आता मोजण्याच्या पद्धतीकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. रस्त्यावरची वर्दळ मोजताना अभियंते प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या तुलनेत माप धरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १, दुचाकी ०.५ ते ०.७५, सायकल ०.४ ते ०.५, तीनचाकी रिक्षा १.२ ते २ आणि बस २.२ ते ३.७ अशी मापे आहेत. वाहन रस्त्याची किती जागा खाते, हे त्यातून कळते. आत माणसे किती आहेत, हे मात्र कळत नाही. आणि पायी चालणारा या तक्त्यात नाहीच. उरणच्या बाजारात ज्यांची संख्या सर्वांत मोठी, तीच मंडळी मोजणीच्या कागदावर शून्य होतात. मग त्या कागदावरून रस्ता रुंद करायचा ठरतो, आणि रुंदीकरणात पहिला बळी पदपथाचा जातो.

हेच गणित माणसे धरून करून पाहा. ४० माणसांना बाजारात यायचे आहे. एसटीने आली तर एक बस, माप फार तर ३.७. मोटारीत दोघे-दोघे बसून आली तर २० मोटारी, माप २०. दुचाकीवर सरासरी दीड माणूस धरला तर साधारण २७ दुचाक्या, आणि ०.७५ने गुणले तर तिथेही माप २०! म्हणजे चालत्या रस्त्यावर दुचाकी ही मोटारीपेक्षा फार काटकसरी नाही. ती वाचवते ती उभी असताना, कारण तिला दोनेक चौरस मीटर पुरतात. हा फरक लक्षात ठेवला की धोरण आपोआप सुचते. दुचाकीला उभे राहायला जागा द्यावी, पण बाजाराच्या मधून आरपार जाऊ देऊ नये. मोटारीला दोन्ही गोष्टी बाजाराच्या कडेलाच द्याव्यात.

उरणला पायी माणूस येतो कुठून? २०११ च्या जनगणनेत नगरपरिषदेच्या हद्दीत सुमारे ३० हजार माणसे होती, पण बाजार सगळ्या तालुक्याचा आहे. भाऊच्या धक्क्यावरून आलेली लाँच मोऱ्याला लागते आणि एकदम घोळका उतरतो. मोऱ्याला गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या ओहोटीला लाँच थांबते, आणि भरती आली की माणसे पुन्हा लोटतात. म्हणजे बाजारातल्या गर्दीची एक वेळ घड्याळापेक्षा समुद्र ठरवतो. दुसरी वाट लोकलची. खारकोपरपासून उरणपर्यंतची गाडी १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. अटल सेतूचे उद्घाटनही त्याच दिवशीचे. सेतू २१.८ किलोमीटरचा आहे, पण त्यावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. लाँच, लोकल, एसटी किंवा मिनीडोर, कशानेही आलेला माणूस शेवटचा टप्पा पायीच चालतो. तोच पिशवी भरून परत निघतो. बाजार त्याच्यावर चालतो, आणि त्यालाच रस्त्यावर जागा नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते आणि ७४ हजारांहून अधिक दुचाकीस्वार. चालणारे आणि दुचाकीवरचे मिळून जवळजवळ दोन तृतीयांश. ज्यांच्याभोवती पत्रा नसतो, तेच मरतात.

आता उपायाकडे. १९७७ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहराने एक फार साधी गोष्ट केली. शहराच्या मध्यभागाचे चार भाग पाडले. मोटार बाहेरच्या गोल रस्त्यावरून कुठल्याही भागात शिरू शकत होती, पण एका भागातून शेजारच्या भागात थेट जाऊ शकत नव्हती. तिला परत बाहेर पडून वळसा घालावा लागे. चालणारे आणि सायकलवाले मात्र सगळीकडे सरळ जात. कुणावर बंदी नाही, कुठले दुकान तुटले नाही, फक्त मध्यातून आरपार जाण्याचा मोह संपला. दुकानदारांनी तेव्हा कडाडून विरोध केला होता. आज ते शहर सायकलींसाठी ओळखले जाते.

उरणला याची निकड अधिक आहे, कारण चारफाट्याकडून आलेल्या आणि मोऱ्याकडे निघालेल्या गाडीला शहरातूनच जावे लागते. तिला बाजारातून काहीही घ्यायचे नसते. बाह्यवळण रस्त्याची मागणी म्हणूनच जुनी आहे. पण किनाऱ्याकडेने असा रस्ता न्यायचा तर खारफुटी आडवी येते. खारफुटीला हात लावायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती लागावीच. खाडीवर जगणाऱ्या कोळ्याचे नुकसान करून मोटारीची दहा मिनिटे वाचवायची, हा सौदा मला पटत नाही. बाह्यवळण होईल तेव्हा होवो. तोवर आहे त्या गल्ल्यांत एकेरी वाहतूक अशी आखता येईल की बाजारात गाडी शिरेल, पण आली त्याच बाजूने बाहेर पडेल.

व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. गिऱ्हाईक गाडीतून उतरून पायरीवर पाय ठेवते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात माथेरान आहे. तिथे गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढचा सगळा बाजार चालणाऱ्यांवर उभा आहे. थंड हवेच्या ठिकाणाचा नियम उरणला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे खरे. गाडी कडेला थांबवण्याचे तत्त्व मात्र लागू पडते. पुण्याचे उदाहरण अधिक जवळचे आहे. तिथे २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळतात. लग्नाच्या खरेदीचा तो रस्ता, तिथे गाडीशिवाय गिऱ्हाईक येते का, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहता येते. उरणच्या व्यापाऱ्यांनी असा एक दिवस स्वतः मागून घ्यावा. सणाची गर्दी टाळावी, साधा वार निवडावा, म्हणजे आकडे खरे मिळतील.

फेरीवाल्यांना हुसकावणे म्हणजे पादचाऱ्यांची सोय, असा एक समज आहे. तो मला चुकीचा वाटतो. करंजाहून पाटी घेऊन येणारी मावशी पायी माणसालाच मासळी विकते. ती तिथे बसते, कारण तिथून माणसे चालतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीशी बोलून जागा ठरवायच्या असतात. उभ्या मोटारींची एक ओळ काढली तर मिळणाऱ्या २ मीटरमध्ये सलग चालण्याची वाट बसते, आणि चौकाजवळ पाट्यांना जागाही निघू शकते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या नियमावलीत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. त्यात खांब, पायरी, फलक यांपैकी काहीही येता कामा नये. कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे ती गुडघ्याला येईल इतकी बांधतात, आणि मग म्हातारी माणसे पदपथ सोडून रस्त्यावरून चालतात.

अडचण अशी की या एका रस्त्याचे मालक अनेक आहेत. रस्ता नगरपरिषदेचा. वाहतुकीचे नियमन नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाचे. एसटी महामंडळाची, लोकल मध्य रेल्वेची, द्रोणागिरी नोड सिडकोचा. थांबा शंभर पावले हलवायचा झाला तरी दोन-तीन कार्यालयांची पत्रे फिरतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळी वाहनांना मनाई करता येते, आणि कलम ११७ खाली वाहनतळ व थांब्याच्या जागा ठरवता येतात. त्यासाठी नवा पूल लागत नाही, अधिसूचना लागते.

माझी सूचना मर्यादित आहे. संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत बाजारपेठेचा मधला पट्टा चालणाऱ्यांना द्यावा. मालाचे टेम्पो सकाळी १० च्या आत रिकामे करावेत. मिनीडोर आणि रिक्षांचे थांबे पट्ट्याच्या दोन्ही टोकांना, अगदी तोंडाशी असावेत, कारण गुडघे दुखणाऱ्या आजीला तिथून पुढे थोडेच चालता येईल. मोटारींचा तळ त्याच्याही मागे. अपंगांच्या वाहनांना आत सोडावे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबासाठी मधून ४ मीटरची वाट दिवसरात्र मोकळी ठेवावी. आज तीच वाट अडलेली असते. आणि हे सुरू करण्याआधी दोन दिवस, एकदा भरतीच्या वेळी आणि एकदा ओहोटीच्या, गांधी चौकात उभे राहून गाड्यांसोबत माणसेही मोजावीत. तो तक्ता नगरपरिषदेच्या सभेत ठेवावा, आणि रस्त्याच्या खर्चाची चर्चा त्याच्यापासून सुरू व्हावी.