दचकणे (प्रतिक्षिप्त क्रिया)

दचकणे ही अनपेक्षित व तीव्र आवाज किंवा स्पर्श यांमुळे घडणारी अनैच्छिक प्रतिक्षिप्त क्रिया होय. पापण्या मिटणे, मान व खांदे आखडणे, हातपाय दुमडणे ही तिची लक्षणे. मोठ्या आवाजानंतर माणसाची पापणी सुमारे ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटते. आवाज कशाचा, हे उमगण्यापूर्वीच शरीर स्वतःला आवरून घेते.

चेतामार्ग

ध्वनीचा संदेश श्रवणचेतेकडून मेंदूस्तंभातील एका केंद्राकडे व तेथून मेरुरज्जूमार्गे स्नायूंकडे जातो. मार्ग आखूड असला, तरी प्रतिक्रियेची तीव्रता ठरीव नसते. अमिग्डाला या बदामाच्या आकाराच्या भागातून या केंद्राकडे जाणारे संदेश भीतीच्या वेळी ती वाढवतात. १९५१ साली ब्राउन, कॅलिश व फार्बर यांनी उंदरांना प्रकाशासोबत विजेचा धक्का दिला. नंतर नुसता प्रकाश असतानाही ते आवाजाने अधिक दचकू लागले.

मोठ्या आवाजाच्या किंचित आधी मंद आवाज झाल्यास मात्र दचकणे कमी होते. यास पूर्वस्पंद-निरोध म्हणतात. मेंदू संवेदना गाळतो, याचे हे मोजता येणारे लक्षण. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत हा निरोध क्षीण असल्याचे ब्राफ व सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले. तोच मंद आवाज भीतीशी जोडला गेला, तर उंदरांत निरोध उलट वाढतो. म्हणजे ही गाळणीही भावनेपासून अलिप्त नाही.

भीती आणि संवेदनांचा अर्थ

२२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यातील पाचोरा तालुक्यात, माहेजी व परधाडे स्थानकांदरम्यान, मुंबईकडे जाणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. प्राथमिक माहितीनुसार चाकांजवळ ठिणग्या दिसल्या होत्या. साखळी ओढली गेली, प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. गाडीतून उतरणे ही प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे, आणि अफवेच्या प्रसारामागे सामाजिक कारणेही असतात. तरीही धोक्याची अपेक्षा असताना संदिग्ध खूण धोक्याचीच वाटते आणि लक्ष तिच्यावरच खिळते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

अशा प्रसंगांतून वाचलेल्यांपैकी काहींना पुढे आघातोत्तर तणाव विकार होतो. अतिरिक्त दचकणे हे त्याच्या निदानातील एक मान्य लक्षण आहे. घरचे लोक त्यास अनेकदा भित्रेपणा समजतात. मानसोपचार व औषधे उपलब्ध असून, शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत सल्ला मिळतो.